हंगामी चेहऱ्याविरुद्ध

जून उजाडला की पुरवण्यांमध्ये ‘पावसाळी मेकअप’ येतो. ऑक्टोबरात ‘फेस्टिव्ह लूक’, डिसेंबरात ‘विंटर ग्लो’ आणि होळीच्या सुमाराला ‘समर फ्रेश’. मजकूर थोडा इकडचा तिकडे, सूर तोच: ऋतू बदलला, आता तुमची मेकअपची पेटी बदला. बेस बदला, लिपस्टिकच्या शेड बदला, काजळ बदला, जमलं तर भुवयांचा आकारही बदला. जी बदलणार नाही ती ‘मागे पडली’.

मी मेकअप करते आणि आवडीने करते, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला साधेपणाच्या प्रचारकांत ढकलणार नाही. माझं भांडण मेकअपशी नाही. दर तीन महिन्यांनी नवं सामान लागतं, या दाव्याशी आहे. हा दावा आपल्या हवेला लागू पडत नाही, आपल्या त्वचेला लागू पडत नाही आणि साध्या हिशेबातही बसत नाही.

आधी रंग घेऊ. ऑक्टोबरात बाजारात येणाऱ्या शेड पाहा: वाइन, बेरी, गडद चॉकलेटी, सगळ्या मॅट. हा युरोप-अमेरिकेतल्या पानगळीचा रंगपट आहे. तिकडे तेव्हा झाडं तांबडी होतात, अंगावर लोकरीचे कपडे येतात, दिवस लहान होतो, आणि त्या करड्या उजेडात गडद ओठ उठून दिसतात. आपल्याकडे ऑक्टोबर म्हणजे पाऊस गेल्यावरची दुपारची तल्खली. ‘ऑक्टोबर हीट’ हा शब्द ज्या राज्यात शाळकरी मुलालाही माहीत आहे, तिथे याच महिन्यात बाईने ओठांवर जाड मॅट थर चढवावा, हे कुठल्या ऋतुचर्येत बसतं? मार्चमध्ये पुन्हा हाच प्रकार. तिकडचा वसंत म्हणून फिकट गुलाबी, लव्हेंडर, पुदिना. इकडे तोवर चंद्रपूर-अकोल्यात पारा चाळिशीकडे निघालेला असतो आणि पळसाचा रंग फिकट म्हणावा असा मुळीच नसतो.

गंमत अशी की आपल्याकडच्या सौंदर्यप्रसाधन उद्योगाची सुरुवात याच्या अगदी उलट्या विचारातून झाली. परदेशी प्रसाधनांवर परकीय चलन खर्च होतं, तेव्हा भारतीय त्वचेला आणि हवेला साजेसा माल इथेच बनावा, म्हणून १९५२ साली टाटांनी लॅक्मे काढली. पुढे सिमोन टाटांनी ती वाढवली आणि नव्वदच्या दशकात ती हिंदुस्तान लिव्हरकडे गेली. मुंबईत भरणाऱ्या लॅक्मे फॅशन वीकलाही पाश्चात्त्य हंगामांची नावं जशीच्या तशी पेलली नाहीत. आयोजकांनी ‘समर-रिसॉर्ट’ आणि ‘विंटर-फेस्टिव्ह’ अशी दुरुस्ती करून घेतली, कारण इथे कपडे थंडीसाठी विकले जात नाहीत, दिवाळी आणि लग्नसराईसाठी विकले जातात. म्हणजे माल विकणाऱ्यांना हे केव्हाच कळलंय. पुरवण्यांत खरेदीच्या याद्या लिहिणाऱ्यांना अजून कळायचंय.

आणि ‘या वर्षीचा रंग’ कोण ठरवतं? पँटोन ही छपाईच्या रंगांची प्रमाणपट्टी विकणारी अमेरिकी कंपनी २००० सालापासून दरवर्षी एक रंग जाहीर करते. २०२४चा होता पीच फझ, २०२५चा मोका मूस. रंगपट्टीच्या कंपनीने रंग जाहीर करावेत, तो तिचा धंदाच आहे. पण मोका मूस हा फिकट तपकिरी रंग त्या वर्षी ओठांवर हवाच, असं ज्या बायकांना सांगितलं गेलं, त्यांतल्या निम्म्याअधिकींचे ओठ जन्मापासून त्याच रंगाचे आहेत, हे कोणाच्या लक्षात आलं नसावं.

मग सांगितलं जातं: रंगांचं सोडा, त्वचा तर ऋतूप्रमाणे बदलते ना? बदलते. हा मुद्दा खरा आहे आणि तो उडवून लावण्यात अर्थ नाही. थंडीत हवा कोरडी होते, त्वचेतलं पाणी लवकर उडतं, गालावर पांढरट पापुद्रे दिसतात आणि त्यावर पावडर बसली की चेहरा भेगाळल्यासारखा दिसतो. पावसाळ्यात मुंबईची आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते, घाम सुकत नाही, नाकाच्या बाजूने बेस फाटतो. पण यातून निष्कर्ष काय निघतो? थंडीत बेसखाली क्रीम लावा आणि पावडर कमी करा. पावसाळ्यात क्रीम कमी करा, बेसचा थर निम्मा करा, पावडर फक्त कपाळ, नाक आणि हनुवटीवर टेकवा. जे सामान आहे त्याचंच प्रमाण आणि क्रम बदलतो. घरोघरच्या बायकांना हे ठाऊक आहे. दिवाळीच्या तोंडावर अभ्यंगाचं तेल आणि उटणं येतं, ते थंडीने त्वचा फुटायला लागते म्हणूनच, आणि चैत्र येईतो तेलाची ती वाटी आपोआप मागे सरते.

‘पावसाळ्यासाठी सगळं वॉटरप्रूफ घ्या’ हा तर सर्वांत लाडका सल्ला. वॉटरप्रूफ माल चालतो कसा, हे त्या यादीत कधी नसतं. त्यात मेण आणि राळेसारखे पदार्थ लगेच उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवलेले असतात. द्रव उडाला की पातळ पापुद्रा उरतो आणि त्यावरून पाणी ओघळून जातं. छत्री उलटी झाली तर डोळ्यांपुरता त्याचा उपयोग आहे, हे मान्य. पण पावसाळ्यात चेहऱ्यावरचा बेस वरून पडणाऱ्या पाण्याने क्वचितच जातो. तो जातो आतून येणाऱ्या घामाने आणि तेलाने. तेल त्या पापुद्र्याला सैल करतं. म्हणजे सहा गोष्टी वॉटरप्रूफ घेऊनही चर्चगेटला उतरेपर्यंत व्हायचं तेच होतं, वर रात्री ते काढायला तेलकट रिमूव्हर लागतो आणि पापण्या चोळाव्या लागतात, ते वेगळंच. यादीत रिमूव्हर सहसा पुढच्या पानावर असतो, किमतीसकट.

शिवाय ‘महाराष्ट्राचा पावसाळा’ नावाची एकच गोष्ट आहे कुठे? रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सोलापूर-सांगोल्याकडे त्याचा पाचवा हिस्साही नीट पडत नाही. रत्नागिरीतल्या शिक्षिकेला आणि सांगोल्यातल्या बँक कर्मचारी बाईंना जुलैमध्ये एकच यादी द्यायची, याला सल्ला म्हणत नाहीत.

एक वस्तू मात्र खरोखर बारमाही आहे, आणि नेमकी तीच या याद्या फक्त उन्हाळ्यात आठवतात: सनस्क्रीन. ढगांतून अतिनील किरण येतात. सावळ्या त्वचेवर वांग उठवण्यात तर साध्या दृश्य प्रकाशाचाही हात असतो आणि बिनरंगी सनस्क्रीन तो नीट अडवत नाही. आयर्न ऑक्साइडचा रंग असलेलं सनस्क्रीन अडवतं. ज्या घरात गालावरचे वांग हा चाळिशीनंतरच्या बायकांचा हमखास विषय आहे, तिथे ‘समर एसेन्शियल’ म्हणून सनस्क्रीन मे महिन्यात विकायचं आणि जूनमध्ये विसरायचं, हा अज्ञानाचा नमुना आहे. त्वचारोगतज्ज्ञ वर्षभर लावा म्हणून कंठशोष करतात, पण वर्षभराचा सल्ला हंगामी पानात बसत नाही.

आता सगळ्यात दुखऱ्या जागेकडे येते. आपल्याकडे ‘नवा लूक’ म्हणजे नव्वद टक्के वेळा एक शेड उजळ. हे कुठल्याही सर्वेक्षणावरून म्हणत नाही, लग्नाचे अल्बम पाहून म्हणते. वैशाखातलं लग्न, भर दुपारचा मुहूर्त, आणि नवरीचा चेहरा दोन शेड गोरा, मान वेगळी, हात तिसऱ्याच रंगाचे. मेकअप करणाऱ्या मुलीला विचारलं तर ती म्हणते, घरचे सांगतात, फोटोत उजळ दिसली पाहिजे. आणि फोटोत काय होतं? फ्लॅश पडला की चेहरा राखाडी. यामागे साधं रसायन आहे. फाउंडेशनचा रंग मुख्यतः चार पदार्थांतून येतो: पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड, आणि पिवळा, तांबडा व काळा असे आयर्न ऑक्साइड. शेड जितकी उजळ तितका पांढरा जास्त, पिवळा-तांबडा कमी. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर तो पांढरा थर बसला की खालचा तपकिरी रंग त्यातून डोकावतो आणि दोन्ही मिळून राख दिसते. उजळपणा येत नाही, आजारपण येतं. मग ‘ती शेड जमली नाही, या सीझनची नवी घेऊ’ म्हणून पुन्हा खरेदी, आणि पुन्हा एक शेड वरचीच. १९७५ साली आलेल्या गोरेपणाच्या क्रीमने २०२० साली आपल्या नावातून ‘फेअर’ काढलं आणि ‘ग्लो’ घातलं. डब्यावरचं नाव बदललं, काउंटरवरची सवय नाही. तिथली मुलगी अजून हाताच्या आतल्या, ऊन न लागलेल्या बाजूवर ठिपका लावते, ट्यूबलाइटखाली.

यावर प्रतिपक्षाचा एक रास्त मुद्दा आहे. उन्हाळ्यात त्वचा रापते, फेब्रुवारीतली शेड मेमध्ये जुळत नाही. खरं आहे. पण हा फरक थेंबांचा आहे, बाटलीचा नाही. एक शेड गडद घेऊन ठेवली तर ती उन्हाळाभर पुरते. रोजच्या शेडमध्ये एप्रिलपासून तिचे दोन थेंब, जुलैत शून्य. व्यावसायिक रंगभूषाकार हेच करतात, त्यांच्या पेटीत शंभर चेहऱ्यांसाठी शंभर बाटल्या नसतात. कोकणातले दशावतारी कलाकार तर आपली रंगभूषा आपणच करतात, आणि मोजक्या रंगांतून राजा, राक्षस आणि स्त्रीपार्ट उभे राहतात. हातात कसब असलं की सामान कमी लागतं. पण कसब हप्त्याहप्त्याने विकता येत नाही, म्हणून त्याबद्दल कोणी लिहीत नाही.

विरोधकांच्या भात्यातला सर्वांत धारदार बाण अजून बाकी आहे: जुनं सामान खराब होतं, डोळ्यांना संसर्ग होतो, म्हणून पेटी ताजी ठेवलीच पाहिजे. बरोबर. मस्कराच्या नळीत पाणी असतं, कांडी दर वेळी पापण्यांवरचे जंतू आणि हवा आत ढकलते. तीन ते सहा महिन्यांनंतर ती फेकावी, त्यात भावनिक व्हायचं कारण नाही. पातळ आयलायनरचंही तेच. खोक्यावर किंवा डबीच्या तळाशी उघड्या बरणीचं चित्र आणि त्यात ‘१२ एम’ असा आकडा असतो, म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. कोरड्या पावडरीत पाणी नसल्याने ती नीट ठेवली तर दोन वर्षं सहज जाते. पण हा मुद्दा जरा पुढे नेऊन पाहा, तो उलटाच फिरतो.

लिपस्टिकचा हिशेब करू. साधारण कांडीत साडेतीन ग्रॅम माल असतो. अमेरिकेतल्या बायकांच्या वापराचं मोजमाप २००५मध्ये प्रसिद्ध झालं, त्यात एका वेळेला सरासरी दहा मिलिग्रॅम आणि दिवसाला चोवीस मिलिग्रॅम लिपस्टिक लागते असं आढळलं. म्हणजे रोज, न चुकता, दिवसातून दोन-तीनदा लावणारी बाई एक कांडी सुमारे पाच महिन्यांत संपवते. लिपस्टिक उघडल्यावर वर्ष-दीड वर्ष चांगली राहते असं धरलं तर तेवढ्या काळात जास्तीत जास्त तीन किंवा चार कांड्या संपतील. पाचवीपासून पुढची प्रत्येक कांडी अर्धवट असतानाच जुनी होणार. आणि हा रोज लावणारीचा हिशेब आहे. आठवड्यातून दोनदा, लग्नाकार्याला लावणाऱ्या बाईची एक कांडीसुद्धा मुदतीत संपत नाही. माझ्या ओळखीत वीस-पंचवीस लिपस्टिक असलेल्या कितीतरी जणी आहेत, तळाचं प्लास्टिक दिसेपर्यंत संपवलेली लिपस्टिक दाखवू शकणारी फारच विरळा. मुदतीचं कारण सांगून नवं घ्यायला लावणारे लोक खरं तर मुदत चुकवण्याचीच सोय करत असतात. जितकं जास्त सामान, तितकं प्रत्येक डबीवरचं काम कमी, तितकी ती पडून जुनी होणार.

आणि स्वच्छतेचं म्हणाल तर ब्रिटनच्या अ‍ॅस्टन विद्यापीठाने २०१९मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत वापरातल्या प्रसाधनांपैकी दहातल्या आठ-नऊ वस्तूंत जिवाणू सापडले. बेस थोपटायचे जे स्पंज तपासले, त्यांतले ९३ टक्के कधीच धुतलेले नव्हते. दमट जुलैमध्ये बंद पाउचमध्ये ओला स्पंज कोंबणाऱ्या आपल्या शहरांत चित्र याहून बरं असेल असं समजायला काही आधार नाही. याचं औषध साबण, कोमट पाणी आणि खिडकीतला वारा हे आहे. ‘मान्सून कलेक्शन’ विकत घेऊन त्याच स्पंजाने लावलं तर जंतूंना नवं घर मिळतं, एवढंच.

उरला आत्मविश्वास. नवा ऋतू, नवा लूक, मन प्रसन्न. यावर हसू नये, लाल लिपस्टिक लावून कंटाळवाण्या मीटिंगला गेलेल्या कोणत्याही बाईला त्यातलं खरं ठाऊक आहे. मंदीत बायका लिपस्टिक जास्त घेतात, ही कल्पना एस्टी लॉडरच्या लिओनार्ड लॉडर यांनी २००१च्या सुमाराला मांडली आणि ती फार गाजली. पुढच्या मंद्यांतल्या आकड्यांनी तिला नीट साथ दिली नाही, पण ती अजून सांगितली जाते, कारण विकणाऱ्याला ती गोड लागते. माझं म्हणणं एवढंच: हौस असेल तर हौस म्हणून घ्या, बिनधास्त घ्या. तिला गरजेचा मुखवटा चढवू नका. ‘शेड आवडली म्हणून घेतली’ हे वाक्य प्रामाणिक आहे. ‘पावसाळ्यासाठी लागतेच’ हे नाही.

नवरात्राचे नऊ रंग पाहा. ही प्रथा शास्त्रातली नाही. वीसेक वर्षांपूर्वी एका मराठी दैनिकाने ती रुजवली आणि तिच्यामागे खपाचं गणित होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी ती मला आवडते. का? कारण ती कपाटातल्या साड्यांवर चालते. राखाडी नाही तर जावेची आणली, मोरपंखी शेजारच्या काकूंची. लोकलच्या डब्यात अठरापगड बायका एका रंगात येतात आणि बहुतेकींचा खर्च शून्य असतो. आता त्या नऊ साड्यांवर नऊ आयशॅडो आणि जुळत्या नखांची यादी येऊ लागली आहे. साडी उसनी देता येते, काजळाची कांडी देऊ नये. म्हणजे जे उसनं चालत होतं तिथे विकत घेण्याची सक्ती शिरली.

माझ्या या लेखाला टाळ्या वाजवायला काही मंडळी नक्की पुढे येतील, त्यांनाही दोन शब्द. ‘आमच्या आजीची फणेरपेटी बघा, आरसा, फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, जन्मभर तेवढंच’ असं ते म्हणतील. फणेरपेटी सुंदर वस्तू होती, खरंय. पण त्या काळातल्या सगळ्याच गोष्टी त्वचेवर मेहेरबान नव्हत्या. सुरम्यात शिसं असायचं, सिंदुरातही. नंतर आलेल्या चिकट टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनाने कित्येकींच्या कपाळावर पांढरे डाग उठले, त्वचारोगाच्या पुस्तकांत त्याची नोंद आहे. आणि ती फणेरपेटी नवरा गेला की बंद व्हायची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीला मे २०२२मध्ये विधवांचं कुंकू पुसण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला. बाईने चेहऱ्याला काय लावावं हे ठरवण्याची सवय आपल्या समाजाला जुनी आहे. तेव्हा ते घरातले वडीलधारे ठरवत, आता कॅटलॉग ठरवतो. मी पहिल्यांची वकिली करायला बसलेली नाही.

कंपन्यांकडून आणि दुकानदारांकडून मात्र दोन गोष्टी मागायला हव्यात, आणि त्या आपणच मागायला हव्यात. वापराची मुदत खोक्यावर आणि तळाच्या स्टिकरवर बारीक अक्षरांत छापली जाते. खोकं पहिल्याच दिवशी कचऱ्यात जातं, स्टिकर महिन्याभरात पुसट होतो. मुदत डबीवरच, वाचता येईल अशा टायपात, मराठीतही छापा. दुसरं, शेड दाखवताना गिऱ्हाइकाला दाराबाहेर, दिवसाच्या उजेडात जाऊ द्या, ठिपका हातावर न लावता जबड्याच्या कडेला लावा आणि दहा मिनिटं थांबू द्या. थांबू देत नसतील तर त्या काउंटरवरून काहीही घेऊ नका, ऋतू कुठलाही असो.